पात्याचं दुसरं टोक

१

सुरीला गळा बसवायचं काम सकाळचं. पंखा चालू असला तर झाळकामाच्या बत्तीची ज्योत हलते, आणि ऊन चढल्यावर आमच्या पत्र्याखाली पंख्याशिवाय बसवत नाही. पातं आणि मूठ यांच्यामध्ये पितळेचा करंगळीएवढा जाड तुकडा असतो, त्याला आम्ही गळा म्हणतो. पात्याची शेपटी, म्हणजे मुठीत जाणारा भाग, त्यातून ओवायची आणि राहिलेली फट वितळलेल्या कथलानं झाळून भरायची. फट राहिली तर कसायाच्या सुरीत रक्त आणि चरबी आत शिरते. आतून गंज धरतो आणि एक दिवस भर कामात पातं मुठीतून निखळतं.

हे काम माझा दादा करायचा. दिलीप. हैदराबादेत, गौलीगुड्यात बस स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान, पुढे काम आणि मागे घर. लॉरीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांचं पोलाद तापवणं, ठोकणं, पाणी देणं, झाळणं, सगळं तोच करायचा. त्याची बायको, गीता वैनी, लाकडी मुठी बसवायची. मी घासायचो. पाचवीत शाळा सोडली तेव्हापासून घासतोच आहे.

दादाला लहानपणी मोठा ताप आला आणि त्यात कान गेले. आम्ही त्याच्याशी हातवाऱ्यांनी बोलायचो. झाळ पूर्ण भरली की नाही हे बाकीचे कारागीर सुरी कानाजवळ धरून वाजवून बघतात. दादा पात्याची शेपटी दातांत धरायचा, डोळे मिटायचा आणि गळ्यावर खिळ्यानं एकदाच ठोकायचा. आवाज त्याला दातांतून डोक्यात ऐकू यायचा. भरलेल्या गळ्याचा आवाज एकच येतो, पोकळ असला तर तो फुटतो, असं त्याचं म्हणणं. ठोकून झालं की तो थोडा वेळ तसाच बसायचा, तोंडात सुरी धरून. गिऱ्हाईक बघून हसायचं. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे असायचं ते मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. जगातली तेवढी एकच गोष्ट त्याला नीट ऐकू यायची.

मार्चमध्ये स्टँडवर मागे येणारी बस त्याला ऐकू आली नाही.

२

दादाचा जलदानविधी झाला, पाहुणे देगलूरला परत गेले, आणि दुसऱ्याच दिवशी अफझलगंजचे महबूब सेठ आले. दुकानाची जागा त्यांची, आणि आमचा मालही तेच उचलायचे. चहा पिऊन झाल्यावर ते भिंतीवरच्या पात्यांकडे बघत राहिले. दादानं पाणी देऊन, तेल लावून खुंट्यांवर टांगलेली, गळ्याची वाट बघणारी ती शेवटची पाती होती.

"ऐसा कारीगर अब नईं मिलता," सेठ म्हणाले. "मगर बकरीद सर पे आ गई मियाँ. ये पातां मेरे कू देओ. गळा मैं दुसरे से बिठा लेतूं."

माय आतून म्हणाली, "देऊन टाक रे किशोर. सुलतान बाजारात चकचकीत पाकिटातल्या सुऱ्या आल्यात म्हणं, प्लास्टिकच्या मुठीच्या. हे काम आता कोण विचारतंय. तू एखाद्या कंपनीत वॉचमन लाग."

सेठनी एक पातं खुंटीवरून काढलं. तेल लागू नये म्हणून रुमालात धरलं. ते रुमालात धरणं मला सहन झालं नाही. मी उठलो आणि पातं त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"गळा मैं बिठातूं."

"तेरे कू ये काम आता?"

"आता."

वैनीचा मुठीवर फिरणारा हात थांबला. मी आयुष्यात एकही गळा झाळलेला नव्हता, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार.

सेठनी सगळ्यांत लांब पात्याकडे बोट दाखवलं. "वो बडा वाला मदार भाई का है. कसायां उसकी छुरी देख के छुरी खरीदते. वो ढीला निकला तो मेरा नाम गया, फिर तुम लोगां जगा खाली करना. मेरे सामने आ के रोना नक्को."

"नईं रोतूं."

"अभी बी रो रा तू," ते म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

३

पहिल्या पात्याची मी वाट लावली. पातं गरम होऊ नये म्हणून दादा ते कच्च्या दुधीत खुपसून ठेवायचा, एवढं मला माहीत होतं. दुधी आणला, पातं खुपसलं, गळा ओवला, नवसागर लावला, कथलाचा तुकडा ठेवला आणि बत्तीची ज्योत सरळ कथलावर धरली. त्याचा गोळा झाला आणि घरंगळून खाली पडला. मी ज्योत वाढवली. दुधी शिट्टी मारायला लागला. गळ्याखालून निळा रंग पात्यावर पसरला. पाणी दिलेलं पोलाद असं निळं पडलं की मऊ होतं, मग त्याला धार राहत नाही.

"असं नाही, भावजी," वैनी म्हणाली. "ज्योत शेपटीकडून धरायची. झाळेला हात लावायचा नाही. पितळ पुरतं तापलं की ती आपणहून आत ओढली जाते. तोवर थांबायचं."

"किती थांबायचं?"

"ते थांबायचे."

"मग तूच कर."

"करते की. मुठी तुम्ही बसवा. मागच्या वेळी बसवली होती ना एक, उलटी." मग तिनं दुधी उचलून बघितला. "आणि हा फेकू नका. पुढचा अर्धा चांगला आहे, भाजी होईल. आमचा सगळा उन्हाळा दुधी खाण्यात जायचा. मी त्यांना म्हणायचे, एखाद्या दिवशी वांग्यात खुपसा." एवढं बोलून ती मागच्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढचं पातंही गेलं. त्याच्या पुढच्याला मात्र झाळ आत ओढली गेलेली मला दिसली. पितळ आणि पोलाद यांच्यामध्ये पाण्याच्या धारेसारखी एक बारीक रेघ चमकली आणि थांबली. मी सुरी सोड्याच्या पाण्यात धुतली. मग दादाला करताना बघत आलो होतो तसं केलं. शेपटी दातांत धरली, डोळे मिटले, गळ्यावर खिळ्यानं ठोकलं.

टक.

आवाज कानात आला नाही, कपाळाच्या मागे आला. भरलेला, एकसंध आवाज. मला हसू आलं. सुरी तोंडातून काढणार, तेवढ्यात, आवंढा गिळायला लागतो एवढ्या वेळानं, तो परत आला.

टक.

खिळा तेव्हा माझ्या मांडीवर पडलेला होता.

४

पहिला विचार आला की गळा पोकळ आहे. पोकळ गळ्याचा आवाज फुटतो. पण फुटलेला आवाज फाटल्या कापडासारखा असतो, लगेच येतो. हा सावकाश आला होता आणि पहिल्यासारखाच स्वच्छ होता.

मी सुरी शिकंज्यात धरली आणि करवतीनं गळा मधोमध कापला. एक चांगली झालेली सुरी माझ्या हातानं गेली. आत बघितलं तर कथील कडेपर्यंत भरलेलं, टाचणी जाईल एवढीही जागा नव्हती.

मग म्हटलं, बाहेरचं काहीतरी वाजत असेल. स्टँडवर पंक्चरवाले रिमवर हातोडी मारतात. शेजारी शटरचं दुकान आहे. मी पुढचं पातं झाळलं आणि दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, गल्लीत कुत्रंही हलत नव्हतं तेव्हा दातांत धरलं. ठोकलं. टक. गल्ली शांत होती. माझं स्वतःचं रक्त मला ऐकू येत होतं. मग, टक.

या वेळी मी मोजत नव्हतो तरी एक कळलं. दुसरा आवाज गळ्यावरून येत नव्हता. पहिला माझ्या दातांजवळचा होता. दुसरा लांबून, पात्याच्या टोकाकडून येत होता.

वैनीला बोलावलं. "हे जरा दातांत धर आणि वाजव."

तिनं शेपटी पदरानं पुसली, धरली, ठोकलं. डोळे उघडेच ठेवले.

"किती आवाज आले?"

"एक."

"थांब जरा. अजून धर."

ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मग सुरी तोंडातून काढून तिनं परत पुसली. "एकच, भावजी. चांगला भरलाय." आणि हळूच म्हणाली, "तुम्ही रात्री झोपत जा."

मायला विचारलं तर ती चिडली. "माझ्या तोंडात दात राहिलेत का, मी काय ऐकू? आणि हे बघ, आपल्यात भूतबीत मानत नाहीत. तुझ्या बापानं ते सगळं गावाकडं टाकून दिलं आणि इथं आला. दिलीप गेला. त्याला जाऊ दे."

मीही मानत नाही. मी तिला म्हणणार होतो की मानण्याचा प्रश्नच नाही, मला फक्त दोन आवाज येतात. पण तिनं तोंड फिरवलं होतं.

५

काम बंद केलं असतं तर जागा गेली असती. म्हणून करत राहिलो.

भीतीनं एक झालं, माझा हात संथ झाला. ठोकायची वेळ लवकर येऊ नये असं वाटायचं, म्हणून मी ज्योत बारीक ठेवायचो, शेपटीकडून धरायचो आणि पितळेकडे बघत बसायचो. नवसागराचा धूर डोळ्यांत जायचा. दुधी घामेजायचा. कथील आधी मळकट दिसायचं, मग एकाएकी चमकायचं, आणि मी काही न करता ते आत निघून जायचं. त्यानंतर एकही पातं निळं पडलं नाही. वैनी एक-एक सुरी उचलून उजेडात धरायची आणि मूठ शोधायला लागायची. एकदा म्हणाली, "हे त्यांनी केलं म्हणून सांगितलं तर मी मानेन."

प्रत्येक सुरी मी दातांत धरायचो. प्रत्येक वेळी दुसरा आवाज यायचा.

मग एके दिवशी आवाजाबरोबर आणखी काहीतरी आलं. दातांत धरलेलं लांब पातं पुढे जड लागतं, जबडा भरून येतो. त्या सकाळी दुसरा आवाज झाला आणि पातं हलकं झालं. पुढच्या टोकाला कुणीतरी आधार द्यावा तसं. मी डोळे उघडले. समोर दुकान होतं, ऊन होतं, भिंतीवरच्या रिकाम्या खुंट्या होत्या. पात्याच्या टोकापाशी काहीही नव्हतं. तरी ते टोक थोडं वर-खाली होत होतं. माझा श्वास मी रोखून धरला होता. ते वर-खाली होतच राहिलं, झोपलेल्या माणसाची छाती होते तसं.

मी सुरी टाकून स्टँडपर्यंत पळत गेलो. तिथे उभ्या बसच्या पत्र्याला हात टेकून उभा राहिलो. कंडक्टर म्हणाला, "ओरेय, ये बस निजामाबाद जाती, चढना है क्या?" मी नाही म्हटलं. मला कुठेही जायचं नव्हतं. मला परत दुकानात जायचं होतं, आणि हे कळल्यावर मला जास्त भीती वाटली.

६

शेवटी भिंतीवर एकच पातं राहिलं, मदार भाईंचं.

मी ते करत नव्हतो. आज बत्तीत रॉकेल नाही, आज वारा आहे, असं म्हणत होतो. दादाच्या हातची बाकीची पाती मुठी लावून पोत्यात बांधून तयार होती. हे एक गेलं की त्यानं ठोकलेलं पोलाद घरात उरणार नव्हतं. मग मी दातांत काय धरणार होतो?

एकदा मी ते खुंटीवरून काढून, गळ्याशिवाय, नुसतंच तोंडात धरलं आणि ठोकलं. मातीवर मारल्यासारखा आवाज आला. दुसरा काही आला नाही. कितीतरी वेळ बसलो.

वैनीनं ते पाहिलं. "सेठचा माणूस दुपारी माल न्यायला येणार आहे," ती म्हणाली.

"हे देत नाही."

"मग जागा सोडायची?"

"सोडू."

"मी कुठे जाऊ, भावजी? माहेरी? तिथं मला मुठी कोण बसवू देणार आहे?" तिचा आवाज चढला नाही. "त्यांनी ते कसायासाठी ठोकलं. तुमच्या तोंडासाठी नाही."

मी रागानं उठलो, पंखा बंद केला आणि बत्ती पेटवली. राग पितळ तापेपर्यंत टिकला नाही. मी थांबलो. वैनी दारात उभी होती, तीही थांबली. कथील चमकलं, आत गेलं. इतकी बारीक रेघ दादालाही कधी साधली नसेल.

सुरी धुतली. शेपटी दातांत धरली. या वेळी डोळे मिटले नाहीत. ठोकलं.

टक.

दुसरा आवाज आला नाही. मी वाट पाहिली. बाहेर कुणीतरी बर्फगोळ्याची घंटा वाजवत गेलं. जबडा दुखायला लागला, म्हणून पात्याखाली हात दिला. मग पातं एकदम हलकं झालं, इतकं की माझ्या हाताची गरज उरली नाही. मी हात काढला. सुरी माझ्या दातांत आणि दुसऱ्या कशाततरी आडवी राहिली.

आणि टोकाजवळ पोलादावर वाफ धरली.

मे महिना होता. पत्रा तापला होता. हैदराबादेत मेमध्ये आरशावर तोंडानं हवा सोडली तरी वाफ दिसत नाही. माझा श्वास तिथपर्यंत पोचत नव्हता, मी नाकानं घेत होतो. तरी तिथे दोन बोटं रुंद जागा पांढुरकी झाली, विरली, परत झाली. तिच्या कडेला, एका जागी, पोलाद स्वच्छ राहत होतं. दोन ओठ टेकलेले असावेत तेवढंच.

मला पळावंसं वाटलं. पण एक विचार आला, आणि मी विचार करून काही करत नाही, आला की करतो. दात न उघडता मी बोललो.

"दादा."

पातं गुणगुणलं. हिरड्यांत मुंग्या आल्या. वाफ थांबली, कुणी कान देऊन ऐकताना श्वास थांबवतं तशी.

त्याच्याशी मी जन्मात कधी आवाजानं बोललो नव्हतो. काय सांगायचं ते सुचेना. "आम्ही इथंच आहोत," मी पोलादातून म्हणालो. "वैनी मुठी बसवते. मायचं बरं आहे. मला झाळता येतं."

वाफ परत आली. मोठी आली, पार गळ्यापर्यंत, एखादा माणूस मोठा श्वास सोडतो तशी. मग सुरी जड झाली आणि मी ती हातात धरली.

दारातून वैनी म्हणाली, "कुणाशी बोलत होतात?"

मी सुरी तिच्यापुढे धरली. टोकाजवळचं पोलाद अजून ओलं होतं. तिनं त्यावरून बोट फिरवलं, बोट बघितलं आणि पदराला पुसलं. मूठ बसवताना तिनं त्या दिवशी प्रत्येक रिवेट दोनदा तपासली.

७

बकरीद झाल्यावर महबूब सेठ स्वतः आले. मदार भाईंची सुरी दिवसभर चालली आणि गळ्यात केसभरही फट पडली नाही, असं त्यांनी मायला सांगितलं. मला सांगितलं नाही. मला म्हणाले, "कसायां पूछ रैं, आगे का माल कब मिलता. पाकीट वाली छुरियां मुड गई बोलते."

"पातां खतम हो गये, सेठ."

"तो बना."

"मेरे कू नईं आता."

"पिछली बार तो बडा आता बोला था," ते म्हणाले, आणि लॉरीच्या पाट्यांचा भारा उंबऱ्यात टाकून गेले.

माझं पहिलं पातं वाकडं झालं. ते बघून वैनी कितीतरी दिवसांनी हसली. "हा काय, विळा केला का? गवत कापायला द्या कुणालातरी." तरी मी त्याला पाणी दिलं, दुधीत खुपसलं, गळा ओवून झाळला. दातांत धरलं. या पोलादाला दादाचा हात कधीच लागला नव्हता, म्हणून मी कशाचीच वाट पाहत नव्हतो. डोळे मिटून खिळ्यानं एकदा ठोकलं.

एकच आवाज आला. भरलेला. मी थोडा वेळ तसाच बसलो, मग सुरी तोंडातून काढली.

पलीकडे बसलेल्या वैनीनं मूठ घेऊन हात पुढे केला होता. तिची मान मात्र दुसरीकडे होती, माझ्या शेजारच्या, दादाच्या रिकाम्या पाटाकडे.

"भावजी," ती म्हणाली, "दोनदा कशाला वाजवलंत?"

मी तिच्या हातात सुरी दिली आणि लॉरीचा पुढचा पाटा विस्तवात ठेवला.